विचारा की! : कॅम्पातली पोरं, तिशीतले नट आणि वरनं पडणारी स्कायलॅब

मागच्या अंकात पावसाळ्यात घरी बसून बघायच्या कॉमेडी पिक्चरांची यादी दिली होती, त्यात खाली कुठंतरी 'वेट हॉट अमेरिकन समर' हे नाव मी दोन ओळींत उरकलं होतं, आणि आता पत्रं बघते तर निम्मी त्याच्यावरच. काही जण एकदम खूश, काही जण माझ्याकडून नुकसानभरपाई मागायच्या मूडमध्ये. म्हणून या वेळचा अख्खा कॉलम त्यालाच देऊन टाकते. ज्यांनी बघितला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात : २००१ चा अमेरिकन पिक्चर, डायरेक्टर डेव्हिड वेन, लिहिलाय वेन आणि मायकल शोवॉल्टर या दोघांनी. मेन राज्यात वॉटरव्हिलजवळ कॅम्प फायरवुड नावाचा काल्पनिक समर कॅम्प, तारीख १८ ऑगस्ट १९८१, कॅम्पचा शेवटचा पूर्ण दिवस. ज्यांचं अजून जमलेलं नाही त्यांना आजच्या आज जमवायचंय, रात्री टॅलेंट शो आहे, आणि वरनं नासाच्या स्कायलॅब या अंतराळ स्थानकाचा एक तुकडा कॅम्पवर पडायला निघालाय. बास, एवढीच स्टोरी.

प्रश्न : ताई, तुमच्या भरवशावर चार मित्रांना घरी बोलवून हा पिक्चर लावला. अर्ध्या तासात सगळे मोबाईल काढून बसले. जोक कुठं संपतो नि स्टोरी कुठं चालू होते तेच कळेना. आमचंच डोकं चालत नाही का?
(एक वाचक, डोंबिवली)

डोकं ठीक आहे हो तुमचं. अडचण अशी आहे की ही नक्कल आहे आणि मूळ माणूस तुम्ही कधी बघितलेलाच नाही. केशवकुमारांची विडंबनं वाचून ज्यांना हसू फुटायचं त्यांना रविकिरण मंडळाच्या कविता तोंडपाठ होत्या, आज शाळेतल्या पोराला ती वाचायला दिली तर ते म्हणेल बरी आहे कविता, जरा विचित्र आहे. तसंच.

तर मूळ काय होतं ते सांगते. १९७९ साली 'मीटबॉल्स' नावाचा पिक्चर आला, आयव्हन राइटमनचा, बिल मरे त्यात कॅम्पातल्या मोठ्या पोरांचा लीडर, कॅनडात शूट केलेला आणि तुफान चाललेला. त्यातला फॉर्म्युला पुढं कितीतरी जणांनी उचलला : एक फाटका कॅम्प, समोर एक श्रीमंत माजोरडा कॅम्प, एक लाजरंबुजरं पोरगं, त्याला धीर देणारा एक वात्रट दादा, आणि शेवटी स्पर्धेत फाटक्यांचा विजय. दुसरीकडं १९८० च्या मे महिन्यात 'फ्रायडे द थर्टीन्थ' आला, तो सरळसरळ भयपट. त्याची सगळी गोष्ट कशावर उभी आहे तर कॅम्पवर पोरांवर लक्ष ठेवायला नेमलेले तरुण-तरुणी एकमेकांत गुंतले होते आणि तिकडं तळ्यात एक पोरगा बुडाला.

आता आपल्या पिक्चरमधला अँडी आठवा. पॉल रडने केलाय तो. लाइफगार्डच्या खुर्चीत बसून पोरीचे मुके घेतोय, पाण्यात एक पोरगं बुडतंय, दुसरं पोरगं येऊन त्याला सांगतंय, आणि हा काय करतो तर ज्या पोरानं बघितलं त्यालाच गाडीत घालून लांब नेतो आणि चालत्या गाडीतनं ढकलून देतो. आणि पुढं पिक्चरभर त्याचा कुठं विषयसुद्धा नाही! भयपटात या एका पापासाठी डझनभर खून पडतात, इथं अँडीला जेवणाच्या वेळेची काळजी. मूळ माहीत असेल तर हा सीन बघून माणूस खुर्चीतनं पडतो, माहीत नसेल तर वाटतं अरे हे काय भयानक.

आणि अजून एक. आपल्याला विनोद म्हणलं की वगातल्या सोंगाड्यासारखा कुणीतरी मध्येच वळून प्रेक्षकांकडं बघणारा लागतो, बघा हं आता गंमत आहे असं सांगणारा. इथं कुणी वळत नाही. सगळे नट मेलोड्रामा करतायत अशा थाटात करतात. क्रिस्टोफर मेलोनी, जो टीव्हीवर कडक पोलीस डिटेक्टिव्ह म्हणून जगाला माहीत आहे, तो इथं व्हिएतनाम युद्धातनं परत आलेला आचारी झालाय, आणि त्याला आयुष्याचा सल्ला कोण देतं तर भाजीचा एक डबा, म्हणजे शब्दशः पत्र्याचा डबा बोलतो, आणि मेलोनी ते इतक्या तळमळीनं ऐकतो की आपल्याला हसायची पण चोरी वाटते.

मित्रांना परत बोलवा आणि सुरुवातीपासनं नको, फक्त गावात जायचा सीन लावा. कॅम्पची मंडळी तासाभरासाठी जवळच्या गावात फिरायला जातात, आधी जरा हुंदडणं, मग सिगरेट, मग बिअर, मग गांजा, मग एका म्हातारीला लुटणं, मग पार हेरॉइन टोचून कुठल्यातरी अड्ड्यावर भिंतीला टेकून पडलेले, आणि मग परत फ्रेश होऊन टेम्पोत बसून येतात की जरा पाय मोकळे करून आल्यावर किती बरं वाटतं! एक मिनिटाचा खेळ. याला हसले नाहीत तर दुसरा पिक्चर शोधा, जबरदस्ती नाही.

प्रश्न : यातली सोळा वर्षांची पोरं एवढी थोराड का? एकाच्या तर कपाळाला आठ्या आहेत. कास्टिंगवाल्यांना टीनेजर मिळाले नाहीत का?
(एक वाचक, नागपूर)

मिळाले असते, नको होते. शूटिंग २००० साली झालं, तेव्हा पॉल रड ३१, केन मरिनो ३१, एमी पोलर २८, एलिझाबेथ बँक्स २६, आणि हिरो कूपचं काम करणारा शोवॉल्टर स्वतः तिशीला टेकलेला. सगळ्यात कोवळे म्हणावेत तर मार्गरिट मोरो २३ आणि ब्रॅडली कूपर २५, हा कूपरचा पहिलाच पिक्चर बरं का, आणि त्याची जोडी आहे मायकल इयन ब्लॅकबरोबर, दोघांचं तळ्याकाठी लग्नसुद्धा लागतं.

त्या काळच्या सगळ्या टीनेज पिक्चरांमध्ये पंचविशीतली माणसं शाळकरी म्हणून वावरायची आणि कुणी हूं की चूं करायचं नाही. आपल्याकडं काय वेगळं होतं, संगीत नाटकात पन्नाशीचा नायक विशीतला प्रियकर होऊन उभा राहायचा आणि लोक वन्समोअर द्यायचे, हिंदीत तर पस्तिशीचे हिरो हातात एकच वही घेऊन कॉलेजात शिरायचे. वेननं ते तसंच घेतलं आणि थोडं जास्त ताणलं. आणि माझं आवडतं काय आहे माहितीय का, खरी लहान पोरं आजूबाजूला खरोखरच लहान आहेत. त्यामुळं जेवणघराच्या सीनमध्ये जेव्हा अँडीला ताट उचलायला सांगतात आणि तो मान टाकून, हात लोंबकळत ठेवून, उसासे सोडत एकेक वस्तू उचलतो, तेव्हा तिशीचा बाप्या फुरंगटलेल्या पोरासारखा वागतोय आणि मागं दहा वर्षांची पोरं शहाण्यासारखी जेवतायत. तो सीन मी कितीही वेळा बघू शकते.

खरी कमाल पुढं झाली. १४ वर्षांनी, २०१५ साली, याच टीमनं नेटफ्लिक्सवर सिरीज काढली आणि ती सिक्वेल नाही, प्रीक्वेल! म्हणजे त्याच १९८१ च्या उन्हाळ्यातला कॅम्पचा पहिला दिवस. पिक्चरच्या दोन महिने आधीची गोष्ट आणि नट पंचेचाळिशीत, विग लावून, पोटं आत ओढून. आणि कुणीही त्याबद्दल एक अक्षर बोलत नाही.

प्रश्न : बाई गं, माझी नात अकरा वर्षांची, न्यू जर्सीला असते. या उन्हाळ्यात मुलगा-सून तिला सात आठवडे कॅम्पला धाडणार आहेत. शेजारच्या मुलानं मला तू लिहिलेला तो पिक्चर लावून दिला, त्यानंतर डोळ्याला डोळा नाही. तिथं खरंच असं चालतं का?
(एक आजी, पुणे)

आजी, आधी त्या शेजारच्या मुलाचा कान धरा. आणि मग निवांत झोपा, कारण या पिक्चरमध्ये जे दाखवलंय ते खऱ्या कॅम्पात चाललं तर कॅम्प दुसऱ्या दिवशी बंद होईल.

अमेरिकेत शाळेला उन्हाळ्यात दोन-अडीच महिने सुट्टी असते आणि बहुतेक घरांत दोघंही नोकरीला, आजी-आजोबा इकडं. त्यामुळं कॅम्प ही तिथं चैन असली तरी सोय पण आहे. प्रकार जुना आहे, १८६१ साली कनेटिकटमधल्या फ्रेडरिक गन नावाच्या मास्तरांनी आपल्या शाळेतल्या पोरांना पायी समुद्राकाठी नेऊन तंबूत ठेवलं, तेव्हा तिथं यादवी युद्ध सुरू झालं होतं आणि पोरांना सैनिकांसारखं राहायची हौस आली होती. पुढं शहरं वाढली तसं पोरांना उकाड्यातनं नि गर्दीतनं बाहेर काढायचं म्हणून कॅम्प वाढले, १९४०-५० च्या सुमारास पोलिओच्या भीतीनं तर आणखीच. मेन, न्यू हॅम्पशायर, पेनसिल्व्हेनिया, जिथं तळी नि जंगल तिथं कॅम्प. यहुदी कुटुंबांनी आपापले कॅम्प काढले कारण बऱ्याच जुन्या कॅम्पांत त्यांच्या पोरांना घ्यायचेच नाहीत. हा पिक्चर लिहिणारे दोघंही अशाच कॅम्पांत वाढलेले आहेत, वेन मेनमधल्या कॅम्प मोडीनला जायचा, शोवॉल्टर मॅसॅच्युसेट्समधल्या कॅम्प मोहॉकला.

आता नातीचं. पोरांवर लक्ष ठेवणारे काउन्सेलर बहुतेक कॉलेजातले असतात, पिक्चरमधल्यासारखी सोळा-सतरा वर्षांची पोरं असतात ती शिकाऊ म्हणून, त्यांच्यावर एकट्यावर केबिन, म्हणजे पोरांची झोपायची खोली, टाकत नाहीत. पाण्याची तुम्हाला जास्त काळजी वाटत असणार, तर पहिल्याच दिवशी पोहण्याची टेस्ट होते, आणि तळ्यात उतरताना जोड्या लावतात, दर थोड्या वेळानं शिट्टी वाजते की प्रत्येकानं आपल्या जोडीदाराचा हात धरून वर करायचा, मोजणी होते, एक जरी कमी भरला तरी सगळे पाण्याबाहेर. मुलाला एवढंच विचारा की कॅम्पला अमेरिकन कॅम्प असोसिएशनची मान्यता आहे का. ही संस्था १९१० पासनं आहे, ते लोक येऊन स्वयंपाकघरापासनं लाइफगार्डच्या सर्टिफिकेटपर्यंत बघतात. मान्यता घेणं सक्तीचं नसतं, म्हणूनच विचारायचं.

मोबाईल बहुतेक ठिकाणी काढून घेतात, तेव्हा रोज व्हिडिओ कॉलची आशा ठेवू नका. पत्र मात्र चालतं, हातानं लिहिलेलं, आणि कॅम्पात ज्याला टपाल येतं त्याचा भाव वेगळाच असतो. मराठीत लिहा, मैत्रिणींना वाचता येणार नाही म्हणून तिला आणखीनच मजा येईल. खाऊ पाठवू नका पण. कित्येक कॅम्पांत बाहेरचं खाणं पार्सलमधनं काढून टाकतात, एक तर पोरांच्या ॲलर्जी आणि दुसरं म्हणजे केबिनमध्ये येणारे प्राणी, त्यात शेंगदाण्याचे लाडू तर अजिबातच नकोत. आणि तो 'फ्रायडे'वाला भयपट न्यू जर्सीतल्याच एका खऱ्या स्काउट कॅम्पात शूट झालाय, हे मी तुम्हाला सांगायला नको होतं, पण शेजारचा मुलगा सांगेलच.

प्रश्न : पिक्चरमध्ये दुसऱ्या कॅम्पबरोबर मोठी मॅच होणार म्हणून तयारी दाखवलीय आणि मग मॅचच नाही. माझ्या कॉपीत सीन कापलाय का?
(एक वाचक, कोल्हापूर)

नाही हो, पूर्ण कॉपी आहे. टायगरक्लॉ कॅम्पबरोबर सॉफ्टबॉलची मॅच असते, आणि मॅचच्या आधी आपली टीम गोल करून चर्चा करते की यार हे फारच घासून गुळगुळीत झालंय, दुबळी टीम शेवटच्या बॉलवर जिंकते वगैरे, नको ना. समोरच्यांना विचारतात, तर तेही म्हणतात आम्हीपण हेच बोलणार होतो. मॅच कॅन्सल. दोन तासांच्या खेळाचा पिक्चर एका मिनिटात मारला. तुम्ही कापलेला सीन शोधत बसलात म्हणजे वेनचं काम फत्ते झालं बघा.

प्रश्न : आदरणीय ताई, मी त्या काळचा माणूस. १९७९ ला आमच्या गावात स्कायलॅब पडणार म्हणून लोकांनी देव पाण्यात ठेवले होते, काहींनी कोंबड्या कापून खाल्ल्या, मास्तरांनी शाळा सोडून दिली. पण पिक्चर १९८१ चा सांगतायत. ही चूक कशी काय चालली?
(एक निवृत्त शिक्षक, सांगली जिल्हा)

सर, तुमचं पत्र पहिल्यांदा वाचून मी घरातल्या सगळ्यांना वाचून दाखवलं. अगदी बरोबर पकडलंत. स्कायलॅब म्हणजे अमेरिकेचं पहिलं अंतराळ स्थानक, मे १९७३ ला वर गेलं, आणि ११ जुलै १९७९ ला खाली आलं. काही हिंदी महासागरात आणि काही तुकडे पश्चिम ऑस्ट्रेलियात एस्परन्स गावाच्या आसपास. त्या गावानं नासाला कचरा टाकल्याबद्दल ४०० डॉलर दंड ठोठावला होता, अर्थात गमतीत. आणि सॅन फ्रान्सिस्कोच्या एका पेपरनं पहिला तुकडा आणून देणाऱ्याला १० हजार डॉलर लावले होते, ते एस्परन्समधल्याच एका सतरा वर्षांच्या पोरानं विमानानं जाऊन मिळवले. नेमका टीनेजर, बघा.

म्हणजे १९८१ च्या ऑगस्टमध्ये वर स्कायलॅब होतीच कुठं! पण वेनला ते माहीत नसेल असं मला वाटत नाही. त्याला तो सगळा काळ एकाच उन्हाळ्यात कोंबायचा होता, स्कायलॅबची धास्ती, तोकड्या चड्ड्या, गुडघ्यापर्यंतचे पट्टेवाले मोजे, त्या वेळची रॉक गाणी, सगळं. लहानपण आठवताना कुठलं साल कुठलं याचा हिशेब कोण ठेवतं. शिवाय जुन्या पिक्चरांत शेवटी एक मोठं संकट यावंच लागायचं, म्हणून हे आलं, आणि ते परतवायला शेजारी राहणारा एक खगोलशास्त्राचा प्रोफेसर आणि कॅम्पातली चार घरकोंबडी पोरं, जी मैदानावर कधी गेलीच नाहीत. प्रोफेसर झालाय डेव्हिड हाइड पियर्स. तुम्ही गावाकडच्या त्या दिवसांवर जमलं तर सविस्तर लिहा, संपादकांना मी सांगून ठेवते.

प्रश्न : मुलगी तेरा वर्षांची आहे, तिच्याबरोबर बघू का?
(एक आई, ठाणे)

नको. अमेरिकेत याला आर रेटिंग आहे, सतरापेक्षा लहान असेल तर बरोबर मोठं माणूस लागतं, आणि कारणं खरी आहेत, सेक्सचे सीन, शिव्या, ड्रग्जचा तो गावातला सीन. तिला तो जोक म्हणून कळणार नाही आणि तुम्हाला सोफ्यावर कुठं बघावं कळणार नाही. तीन-चार वर्षं थांबा.

प्रश्न : आधी पिक्चर बघायचा की सिरीज? स्टोरीच्या क्रमानं सिरीज आधी येते ना?
(एक वाचक, छत्रपती संभाजीनगर)

स्टोरीचा क्रम सोडा, जसं रिलीज झालं तसं बघा. आधी २००१ चा पिक्चर. मग २०१५ चा 'फर्स्ट डे ऑफ कॅम्प', आठ एपिसोड. त्यात त्या बोलणाऱ्या डब्याची पूर्ण जन्मकथा आहे, तो डबा आधी कोण होता वगैरे, इतक्या गांभीर्यानं सांगितलीय की पुराणात शोभेल. आधी डबा भेटलेला नसेल तर जन्मकथेला काय अर्थ. मग वाटलंच तर २०१७ चा 'टेन इयर्स लेटर', १९९१ मधला, तोही आठ भागांचा. पिक्चरच्या शेवटी सगळे ठरवतात ना की दहा वर्षांनी इथंच भेटायचं, ते भेटणं. यात ब्रॅडली कूपर नाही, त्याच्या रोलमध्ये ॲडम स्कॉटला उभं केलंय. मला विचाराल तर हा तिसरा भाग जरा ओढलाय, पोरं मोठी झाली की गंमतच निघून जाते, पहिल्या दोनांवर थांबलात तरी काही बिघडत नाही.

प्रश्न : एवढे मोठमोठे स्टार असून पिक्चर आपटला कसा? आणि आपटला तर मग आज लोक डोक्यावर का घेतात?
(एक वाचक, पणजी)

तेव्हा ते स्टार नव्हते हो. पोलर, बँक्स, कूपर यांना कुणी ओळखत नव्हतं, रडला थोडेफार. त्यातल्या त्यात ओळखीचे चेहरे म्हणजे जनीन गारोफलो, डेव्हिड हाइड पियर्स आणि मॉली शॅनन. वेन, शोवॉल्टर, ब्लॅक, मरिनो, लो ट्रुलिओ ही सगळी एकाच कॉलेज ग्रुपमधली, न्यूयॉर्क युनिव्हर्सिटीत जमलेली, १९९३ ते ९५ एमटीव्हीवर 'द स्टेट' नावाचा स्केच शो करायची. बजेट सुमारे १८ लाख डॉलर, हॉलिवूडच्या मानानं चहापाण्याचा खर्च. पेनसिल्व्हेनियात होन्सडेलजवळच्या कॅम्प टोवांडा या खऱ्या कॅम्पात २८ दिवसांत उरकला, पोरं यायच्या आधी कॅम्प रिकामा असतो तेव्हा, आणि नटमंडळी तिथंच केबिनमध्ये झोपायची.

आणि पाऊस! जवळजवळ रोज पाऊस. ऐन उन्हाळ्याचा पिक्चर, सगळे अर्ध्या चड्डीत, आणि नीट बघितलंत तर बोलताना तोंडातनं वाफ येताना दिसते, खोलीतल्या सीनमध्ये खिडकीबाहेर धो धो चाललेला असतो. काहीजणांना हे जाणूनबुजून केलंय असं वाटतं. नाही, पैसे नव्हते, थांबायला वेळ नव्हता.

२००१ च्या जानेवारीत सनडान्स फिल्म फेस्टिव्हलला दाखवला, जुलैच्या शेवटी लागला, तोही जेमतेम काही थिएटरांत, धंदा तीन लाख डॉलरच्या आत. समीक्षकांनी सालटी काढली. रॉजर ईबर्टनं तर एक स्टार दिला आणि अख्खं परीक्षण गाण्यात लिहिलं, ॲलन शर्मनचं कॅम्पातनं आईबापांना पत्र लिहिणाऱ्या पोराचं १९६३ चं एक गमतीदार गाणं आहे, त्याच चालीवर. म्हणजे विडंबनाला विडंबनानंच हाणलं. ईबर्टचं आणि माझं इथं पटत नाही पण माणूस कष्टाळू, एवढं मानावं लागेल.

मग डीव्हीडी आली. कॉलेजच्या हॉस्टेलांत एकानं दुसऱ्याला दिली, मध्यरात्रीचे शो लागायला लागले, लोक डायलॉग पाठ म्हणायला लागले, आणि तोवर इकडं कूपर, बँक्स, पोलर, रड मोठे झाले. मग नवीन लोकांनी नाव बघून उलटं मागं जाऊन पिक्चर शोधला. नेटफ्लिक्सनं सिरीजला पैसे दिले ते त्यामुळं. पण नुसत्या नावांमुळं टिकला असं मला वाटत नाही, मोठ्या स्टारांचे सुरुवातीचे रद्दी पिक्चर पण असतातच की, ते कोण बघतं.

प्रश्न : ताई, मी फिल्मचा कोर्स करतोय, सेकंड इयर. आपल्याकडच्या उन्हाळी संस्कार शिबिरावर असाच स्पूफ लिहायचा विचार आहे. पाच मित्र, दोन दिवस, एक मंगल कार्यालय, एवढंच बजेट. काय सांगाल? हिरो कूप जिच्यासाठी झुरतो त्या कॅटीनं शेवटी कूपला सोडून अँडीला का निवडलं तेपण सांगा, मला फार लागलं ते.
(एक विद्यार्थी, मुंबई)

आधी कॅटीचं. सगळ्या पिक्चरांत सज्जन पोरगा शेवटी जिंकतो. इथं कूप आचाऱ्याकडनं ट्रेनिंग घेतो, नवीन माणूस होऊन येतो, सगळं करतो, आणि कॅटी शांतपणे सांगते की तू चांगला आहेस रे पण मी सोळाची आहे आणि अँडी दिसायला भारी आहे, आत्ता मला तेवढंच कळतं. अख्ख्या पिक्चरमध्ये हे एकच वाक्य असं आहे की ज्यात खरी सोळा वर्षांची मुलगी बोलते. तुला लागलं म्हणतोस, लागायलाच पाहिजे.

आता तुझा स्पूफ. दोन प्रकारानं लिहिता येतो. एक म्हणजे लांब उभं राहून शिबिराला हसायचं, पहाटेची प्रार्थना, अथर्वशीर्षाचं पाठांतर, मोड आलेल्या मटकीची उसळ, चिडके सर, झालं. तो दहा मिनिटांत संपतो आणि तुझ्यासारखे शंभर जण तोच लिहितायत. वेन-शोवॉल्टर कॅम्पाला हसतच नाहीत, तो कॅम्प त्यांना अजूनही हवासा वाटतो हे प्रत्येक फ्रेममध्ये दिसतं, ते हसतात कॅम्पाच्या पिक्चरांना, आणि स्वतःच्या आठवणींना, ज्या प्रत्येक वर्षी जरा जास्त रंगतात. म्हणून ते इतकं वेडंवाकडं करू शकतात आणि तरी माणसं खोटी वाटत नाहीत. तू शिबिराला गेला होतास का? गेला असशील तर तुला तिथं काय आवडलं होतं ते आधी लिहून काढ, ज्याची मित्रांसमोर कबुली द्यायला लाज वाटेल ते पण. रात्री सतरंजीवर झोपल्यावर सांगितलेल्या भुताच्या गोष्टी, शेवटच्या दिवशी उगाच आलेलं रडू, वहीच्या मागच्या पानावर घेतलेले पत्ते ज्यावर कुणी कधी पत्र पाठवलं नाही.

मग मूळ कुठलं मोडणार ते ठरव. आपल्याकडं कॅम्प पिक्चरांची अशी परंपरा नाही, तेव्हा तुला आपला साचा शोधावा लागेल, आणि तो आहे : शाळेच्या गॅदरिंगमधलं बोधप्रद नाटक, खोडकर मुलगा तिसऱ्या प्रवेशात सुधारतो ते. ते अख्ख्या महाराष्ट्राला पाठ आहे. त्याला धर. पोरांचं काम मित्रांनाच करू दे, मिश्या काढू नका, पाच-सहा खरी लहान पोरं मात्र आजूबाजूला पाहिजेतच, त्यांच्याशिवाय तिशीतला... म्हणजे तुमचं विशीतलं, मोठेपण दिसणार नाही. आणि कॅमेऱ्याकडं बघून डोळा मारायचा नाही, कुणी मारला तर तो टेक टाकून दे.

मंगल कार्यालय मे महिन्यात मिळणार नाही, लग्नाच्या तारखा असतात. जूनमध्ये घे, स्वस्त पडेल. पाऊस आला तरी शूट चालू ठेव.